पुलाला छप्पर कशाला?

आज मी एका पुलाची गोष्ट सांगणार आहे. मालिकेच्या संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ‘कॅलिफोर्नियातला एक लाकडी पूल.’ पलीकडून थोडा वेळ काही आवाजच आला नाही. मग म्हणाले, ‘सर, तुम्ही तीस-पस्तीस वर्षं मध्य प्रदेशातले पूल तपासलेत. त्यांच्यावर का नाही बोलत?’ त्यांच्यावरही बोलणार आहे, पण जरा वळसा घेऊन.

या पुलाचं नाव ब्रिजपोर्ट कव्हर्ड ब्रिज. उत्तर कॅलिफोर्नियात नेवाडा काउंटी म्हणून एक भाग आहे. नेवाडा हे शेजारचं राज्य वेगळं आणि ही काउंटी वेगळी. माझाही सुरुवातीला गोंधळ झाला होता. तिथे सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावरून युबा नावाची नदी खाली येते. तिच्या दक्षिणेकडच्या फाट्यावर, साउथ युबावर, 1862 साली हा पूल बांधला गेला. पूर्ण लाकडी. दोन्ही बाजूंना भिंती, वर छप्पर. लांबून पाहिलं तर वाटतं, कुणीतरी धान्याचं लांबलचक कोठार उचलून नदीवर आडवं ठेवलंय.

तर पहिला प्रश्न. पुलाला छप्पर कशाला?

मी हा प्रश्न पुष्कळांना विचारला आहे. कुणी म्हणतं, पावसात प्रवाशांना आडोसा मिळावा म्हणून. कुणी म्हणतं, बर्फ पडतो ना तिकडे. अमेरिकेतलं एक लाडकं उत्तर असं आहे की खाली वाहतं पाणी दिसलं की घोडी बुजतात, म्हणून भिंती. ऐकायला छान आहेत सगळी. पण छप्पर माणसांसाठी नसतं आणि घोड्यांसाठीही नसतं. ते लाकडासाठी असतं. उघड्यावरचा लाकडी पूल पंधरा-वीस वर्षांत कुजायला लागतो. सांध्यात पाणी मुरतं, ते वाळत नाही, बुरशी धरते. तोच पूल कोरडा राहिला तर शंभर वर्षं सहज काढतो. म्हणजे जे दिसतं तो पूल नाहीच. पूल आत आहे, आणि बाहेर दिसतो तो त्याचा रेनकोट.

माझी लेक सॅक्रामेंटोजवळ राहते. 2018 मध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. तिथून गाडीने दीड तासाच्या आसपास हा पूल. जावईबापू मोठ्या उत्साहाने घेऊन गेले, आणि पाहतो तर पूल बंद! पुढे जाळी, त्यावर पाटी. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘सुट्टीवर येऊनसुद्धा तुम्हाला बंद पूलच भेटला.’ मी जाळीला नाक लावून अर्धा तास उभा होतो. त्या अर्ध्या तासात जे डोक्यात आलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो. त्याआधी इतिहास सांगायला हवा.

24 जानेवारी 1848. कोलोमा नावाच्या ठिकाणी जॉन सटर याच्या लाकडाच्या गिरणीचं काम चालू होतं. गिरणीच्या पाटात जेम्स मार्शल नावाच्या सुताराला सोन्याचे कण दिसले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. 1849 मध्ये जगभरातून माणसं तिकडे लोटली. अमेरिकन, मेक्सिकन, चिनी, चिलीचे, युरोपातले. या डोंगरउतारांवर निसेनान लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. काही वर्षांत त्यांची गावं, शिकार, नदीतले मासे सगळं गेलं. रोग आले, बंदुका आल्या. 1964 मध्ये तर सरकारने त्यांची उरलीसुरली राखीव वसाहतही कागदावरून काढून टाकली. ‘गोल्ड रश’ या शब्दाला एक जत्रेचा वास आहे, म्हणून हे सांगितलं.

गंमत अशी की आपला पूल सोन्याच्या नाही, चांदीच्या पैशावर उभा राहिला. 1859 मध्ये पर्वताच्या पलीकडे, म्हणजे आजच्या नेवाडा राज्यात, व्हर्जिनिया सिटीजवळ चांदीची प्रचंड खाण सापडली. कॉमस्टॉक लोड. आता उलटी धाव सुरू झाली. कालपर्यंत माणसं पूर्वेकडून पश्चिमेकडे येत होती, ती पर्वत ओलांडून पुन्हा पूर्वेकडे निघाली. तिथे वाळवंट. पीठ, यंत्रं, खिळे सगळं कॅलिफोर्नियातून न्यायचं. सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीने मेरीसव्हिलपर्यंत, आणि पुढे खेचरांच्या गाड्यांनी हेनेस खिंडीतून पर्वतापार. वाटेत नद्यांच्या खोल घळी. ज्याच्याकडे पूल, त्याच्याकडे पैसा.

म्हणून व्हर्जिनिया टर्नपाइक कंपनी नावाची एक टोल कंपनी निघाली. सुमारे 14 मैलांचा रस्ता तिचा. हो, टोलनाके तेव्हाही होते आणि लोक तेव्हाही कुरकुरत असणार.

मग आला 1861-62 चा हिवाळा. कॅलिफोर्नियात आजही त्याला महापूर म्हणतात. डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत पाऊस थांबेचना. सॅक्रामेंटो शहर इतकं पाण्यात गेलं की नवे गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्ड 10 जानेवारी 1862 ला शपथ घ्यायला होडीतून गेले. डोंगरातले पूल एकामागून एक वाहून गेले. तुम्ही नदीकाठचे असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, पुलाला नुसतं पाणी मारत नाही. वरून वाहत येणारे ओंडके मारतात. ते खांबाला येऊन अडतात, त्यांच्यामागे काटक्या-कचरा साचतो, बघता बघता बंधारा तयार होतो, आणि त्या बंधाऱ्याला लोटणारं पाणी खांबच उखडतं.

डेव्हिड वुड या माणसाने त्यावर काय उत्तर काढलं पाहा. नदीत खांब ठेवलाच नाही. एका काठावरून थेट दुसऱ्या काठावर. एकच गाळा, 208 फुटांचा. म्हणजे साधारण 63 मीटर. लाकडात! त्याची सिएरा काउंटीत स्वतःची लाकडाची गिरणी होती, तिथून तुळया आल्या. 1862 च्याच वर्षी पूल उभा. आज जगात जे लाकडी छपराचे पूल शिल्लक आहेत, त्यांत एका गाळ्यात इतका लांब दुसरा जुना पूल नाही.

हे त्याने कसं साधलं? दोन युक्त्या एकत्र केल्या. पहिली म्हणजे कैची. आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये वर असते तशी, फक्त पुलाच्या दोन्ही बाजूंना उभी. विल्यम हाउ नावाच्या माणसाने 1840 मध्ये या कैचीचं पेटंट घेतलं होतं. तिच्यात तिरक्या तुळया लाकडाच्या, त्या दाब घेतात. उभ्या सळया लोखंडाच्या, त्या ताण घेतात. लाकूड दाबाला चांगलं. पण त्याला ओढून धरायचं म्हटलं की सांधे सुटतात, म्हणून ताण लोखंडाकडे दिला. दुसरी युक्ती कमान. दोन्ही काठांच्या दगडी बांधकामावर टेकलेली लाकडी कमान, कैचीला बोल्टांनी जखडलेली. इतक्या लांब गाळ्यात कैची एकटी पुरली नसती. बाहेरून पाहिलं तर भिंतीवरच्या लाकडी चकत्यांतूनही त्या कमानीची रेघ दिसते. या चकत्या म्हणजे शिंगल्स, पाइनच्या लाकडाची पातळ कौलंच समजा. सुमारे 27,000 चकत्यांनी हा पूल मढवला आहे.

आता त्या लोखंडी सळयांच्या टोकांकडे लक्ष द्या. तिथे नट आहेत. लाकूड वाळतं तसं आकसतं आणि कैची ढिली पडते. मग कुणीतरी पाना घेऊन जायचं आणि नट आवळायचे. ही हाउच्या कैचीची खुबी. ती आवळता येते. पण माझ्यासारख्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. या पुलाच्या आराखड्यातच एक माणूस धरलेला आहे. पाना घेऊन फिरणारा. शिंगल उडाली तर नवी ठोकणारा. तो नसेल तर गणित पुरं होत नाही. टोल होता तोवर त्या माणसाचा पगार निघत होता, कारण पूल पडला तर कंपनीच बुडाली असती.

कंपनीची चांदी मात्र फार दिवस टिकली नाही. 1864 मध्ये दक्षिणेकडून डच फ्लॅट-डोनर लेक हा दुसरा रस्ता खुला झाला. 1869 मध्ये रेल्वे पूर्ण झाली. पर्वतापलीकडचा माल आगगाडीने जायला लागला. पूल राहिला जवळपासच्या खाणींसाठी.

आणि त्या खाणींनी नदीचं काय केलं, ते या पुलाच्या खालून वाहत गेलं. नदीतलं सोनं संपल्यावर लोकांनी पाण्याचे प्रचंड फवारे मारून डोंगरच्या डोंगर विरघळवायला सुरुवात केली. वरच्या बाजूची मालाकॉफ खाण त्यात सगळ्यांत मोठी. तिथला गाळ हंबग ओढ्यातून साउथ युबात, तिथून आपल्या पुलाखालून, आणि खाली मेरीसव्हिलच्या मैदानात. नदीचं पात्र इतकं वर आलं की शहराला भोवती बांध घालून राहावं लागलं. शेतं बुडाली. शेवटी शेतमालक कोर्टात गेले आणि जानेवारी 1884 मध्ये न्यायाधीश लोरेंझो सॉयर यांनी नदीत गाळ सोडायला बंदी केली. सोन्यापुढे शेती जिंकल्याची अशी उदाहरणं फार नाहीत. 

शेजारच्या मिडल युबा नदीवर 1883 मध्ये इंग्लिश डॅम नावाचं धरण फुटलं. त्या लोंढ्यात ऑरेगन क्रीकवरचा छोटा छपराचा पूल जागेवरून उचलला गेला. तिथले लोक सांगतात की बैल लावून तो परत ओढून आणला, पण बसवताना उलटा बसला, म्हणजे इकडचं टोक तिकडे. खरंखोटं ते जाणोत. पूल अजून आहे.

ब्रिजपोर्टवरचा टोल 1901 मध्ये बंद झाला आणि पूल काउंटीकडे गेला. लोकांना आनंद झाला असणार. मलाही टोल द्यायला आवडत नाही. पण पाना घेतलेल्या माणसाचा पगार आता कुणाच्या खात्यातून, हा प्रश्न त्याच दिवशी सुरू झाला. पुढे सत्तर वर्षं त्यावरून मोटारी, ट्रक गेले. खेचरांच्या गाड्यांसाठी बांधलेल्या लाकडी पुलावरून! 1970 मध्ये अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने त्याला राष्ट्रीय वारसा म्हणून मान दिला. 1972 मध्ये वाहनं बंद झाली, फक्त पायी जायची मुभा राहिली. पूल राज्याच्या उद्यानात गेला. पर्यटक, लग्नाचे फोटो. आणि 2011 मध्ये पाहणी करून अभियंत्यांनी सांगितलं की आता पायीही नको. पूल स्वतःचंच वजन नीट पेलत नाही.

त्याच 2011 च्या ऑगस्टमध्ये देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्क राज्यात, ओल्ड ब्लेनहाइम नावाचा छपराचा पूल आयरीन वादळाच्या पुरात वाहून गेला. 1855 चा. तोही एका गाळ्याचा, 210 फुटांचा. या दोघांत जास्त लांब कोण, यावर हौशी लोकांचा कित्येक वर्षं वाद चालू होता, कारण कुठून कुठवर मोजायचं त्यावर उत्तर बदलतं. तो वाद एका दुपारीत मिटला.

आता मी त्या जाळीपुढे उभा राहून काय विचार करत होतो ते सांगतो.

पूल बंद करणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यांत अवघड सही. नवा पूल सुरू करताना मंत्री येतात, फीत कापतात. बंद करताना फक्त तुम्ही असता, आणि उद्यापासून वळसा पडणारे लोक असतात. नोकरीच्या मधल्या वर्षांत माझ्याकडे एक पूल होता. गावाचं नाव सांगत नाही. तीन दगडी कमानींचा, नाल्यावरचा, जुना. उन्हाळ्यात मी पाहणीला गेलो. एका खांबाच्या पायाखाली पाण्याने पोखरलं होतं. वाकून हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. मला कळलं होतं, मंडळी. ज्या क्षणी हात आत गेला त्या क्षणी कळलं होतं. पण तो पलीकडच्या गावांचा एकच रस्ता होता. शाळेची पोरं, दूध, सोयाबीन. बंद केला तर बराच मोठा फेरा. वरून फोन येणार, ‘आजवर पडला नाही, आत्ताच कसा पडेल?’ कुणी फोन केला नव्हता अजून. मी आधीच त्या फोनला भ्यालो. अहवालात मी लिहिलं, ‘पावसाळ्यानंतर पुन्हा पाहणी करावी.’

पावसाळ्यानंतर पाहणी करायला तो खांब नव्हता. रात्री बसला. पहाटे एक ट्रॅक्टर-ट्रॉलीवाला कड्यापाशी येऊन थांबला. त्याने दिव्यात भगदाड पाहिलं. कुणी गेलं नाही. माझ्यावर काही कारवाईही झाली नाही, कारण कागदावर मी चूक नव्हतोच. ते वाक्य निर्दोष होतं. अजूनही कधी झोपेत मला माझा हात त्या दगडाखाली दिसतो. 2016 च्या ऑगस्टमध्ये महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल रात्री पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या गेल्या, तेव्हा टीव्हीसमोर बसलेला मी उठून आत गेलो. बायकोला कारण सांगावं लागलं नाही.

तर ब्रिजपोर्टच्या जाळीपुढे मी उभा होतो तो त्या न पाहिलेल्या अभियंत्यासाठी, ज्याने 2011 मध्ये सही केली. लोकांचा लाडका पूल. पन्नास ठिकाणी फोटो छापलेला. त्याने लिहिलं, बंद. आणि नुसतं तेवढंच नाही. पूल बंद झाला म्हणून लोकांना तो आठवला. चालू असता तर कुणी पैसे दिले असते असं मला वाटत नाही. गावकरी, नदीप्रेमी, उद्यानाचे स्वयंसेवक एकत्र आले, पुलाचे बिल्ले लावून फिरले, राज्याच्या मागे लागले. 2014 मध्ये पहिले पैसे मंजूर झाले, तात्पुरते आधार दिले गेले. खरं काम सुरू व्हायला आणखी काही वर्षं गेली. सरकारी काम आहे, तिकडचंही सरकारच.

दुरुस्तीत काय केलं? कुजलेल्या तुळया काढून तशाच मापाच्या नव्या घातल्या. कमानी आणि कैच्या ठीक केल्या. जुनं जेवढं वाचेल तेवढं ठेवलं. छप्पर नवं, भिंतींवरच्या चकत्या नव्या. नोव्हेंबर 2021 मध्ये पूल पुन्हा उघडला, दहा वर्षांनी.

आता कुणी म्हणेल, एवढं बदलल्यावर तो 1862 चा पूल राहिला का? मला हा प्रश्न थोडा शहरी वाटतो. आमच्या आजोळचा वाडा माझ्या लहानपणी दर काही वर्षांनी कौलं चाळून घ्यायचा. फुटकी काढायची, नवी बसवायची. कुणी म्हटलं नाही की वाडा नवा झाला. चाळणं थांबलं तेव्हा मात्र तीन पावसाळ्यांत माडी खाली आली. एकही कौल बदललेलं नव्हतं, सगळं अस्सल होतं. ब्लेनहाइमचं मात्र निराळं. तिथे 2018 मध्ये तशाच रूपाचा पूल पुन्हा उभारला आहे. सुंदर आहे म्हणतात. पण तो दुसरा पूल आहे, कारण मधे सगळं एकदम तुटलं.

2023 मध्ये मी परत गेलो. या वेळी जाळी नव्हती. आत पाऊल टाकल्यावर थंड वाटतं आणि ताज्या लाकडाचा वास येतो. जुन्या तुळया काळपट, नव्या फिकट, शेजारी शेजारी, त्यामुळे कुठे काय बदललं ते कुणालाही वाचता येतं. मला हे आवडलं. रंग लावून लपवलेलं नाही. फटींतून उन्हाच्या पट्ट्या येतात आणि खाली नदी ऐकू येते. माझा नातू धावत पलीकडे गेला आणि धावत परत आला. मी मात्र सवयीने एका सळईच्या टोकाशी वाकलो आणि नटावर अंगठा दाबून पाहिला. घट्ट होता.

जावई म्हणाले, ‘बाबा, लोक बघतायत.’

बघू देत म्हटलं. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ. टोलवरचे सोडून.